नव्याआधीचा भात

सुनेचा पुण्याहून फोन आला, की नातीला आता शाळेत पाठवणार नाहीत, घरीच शिकवणार. ह्याला होमस्कूलिंग म्हणतात हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि मग जरा बिचकत म्हणाली, "बाबा, तुम्हाला पटायचं नाही, पण आम्ही खूप विचार केलाय." मी म्हटलं, मला न पटायला काय झालं? मी त्याच शाळेत शिकलो. एक मास्तरीण, एक विद्यार्थी, मध्ये पेटलेली चूल, आणि पाढा चुकला की नारळ खवायचा. ती हसली. माझी बायको गेल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून मी काहीही बोललो तरी घरातली माणसं जरा जास्तच हसतात. पण मी थट्टा करत नव्हतो. माझी शाळा खरोखर तशी होती. श्रावणाच्या शेवटी भरली, आश्विनात रंगली, आणि मास्तरीण म्हणजे तीच, जी गेली म्हणून सगळे मला हसून दाखवतात. नाव सुमती. ती होती तोवर मी तिला नावाने हाक मारली नाही. 'गो' म्हटलं की ती यायची, आणि यायचं नसेल तेव्हा नावाने बोलावूनही आली नसती.

सरकारी शाळेतून मी दुसरीतच बाहेर पडलो होतो. गुरं राखायला माणूस नाही, हे घरचं कारण. मला मास्तरांपेक्षा गुरं बरी वाटायची, हे माझं. गुरं प्रश्न विचारत नाहीत. आमचं गाव चिपळुणाच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, तिथून अलोऱ्याची वीजप्रकल्पाची कॉलनी चालत दीड तासावर. ती लांज्याकडची, सातवी पास. आमचं लग्न जमवणाऱ्या माणसाने तिच्या वडलांना सांगितलं होतं की मुलगा हुशार आहे. मुलगा शिकलेला आहे असं तो म्हणाला नव्हता आणि त्यांनीही विचारलं नव्हतं, त्यामुळे खोटं कोणीच बोललं नाही. वैशाखात लग्न झालं. मी वीसचा, ती अठराची. पहिले दोन-तीन महिने मी अशा रुबाबात वावरलो की वर्तमानपत्राचा कागद हातात आला तर त्यावरून डोळे फिरवून 'काही विशेष नाही' म्हणायचो. तिने एकदा विचारलं, "अहो, त्यात पावसाचं काय लिहिलंय?" मी म्हटलं, पडेल. पाऊस बाहेर धोधो पडतच होता.

घरात तेव्हा आई, बाबा, मी आणि ती. थोरला भाऊ, आमचा दादा, मुंबईला गिरणीत. आईचं राज्य स्वयंपाकघरात आणि शेतावर, म्हणजे सगळीकडेच. बाबा कमी बोलत आणि चवीने जेवत. आई सुनेला वाईट वागवायची नाही, पण तिला 'लांज्याची' म्हणायची. आमटीत कोकम जास्त झालं की "लांज्याला आंबटच खातात काय गो?" आणि कमी झालं की "लांज्याला कोकमं पिकत नायत काय गो?" ती खाली मान घालून ऐकायची आणि पाठ वळली की आईची मान हलवायची लकब इतकी हुबेहूब करून दाखवायची, की मला ठसका लागायचा. सासूला ती आत्याबाय म्हणायची. तिकडची पद्धत.

दादाची पत्रं यायची ती मी दुकानदाराकडे नेऊन वाचून घ्यायचो आणि घरी येऊन पाठ म्हणून दाखवायचो. तसं एक आलं. मी ते खिशात घालून दुकानाकडे निघालो, तर ही पडवीतच उभी. म्हणाली, "दुकानदाराला वाचायला देता, मला का नाय?" पत्र खिशातून काढून दिलं. तिने चुलीजवळ बसून सगळ्यांसमोर वाचलं. दादाने लिहिलं होतं, की धाकट्याला दिवाळी झाली की पाठवा, गावकीच्या खोलीत एक जागा रिकामी होते आहे, गिरणीत बदली कामगार म्हणून लावून देतो, वर्षातून शिमग्याला नि गणपतीला गावी येईल. नव्या नवरीने स्वतःच्या तोंडाने, एका सुरात, न अडखळता ते वाचलं, घडी केली, आईच्या हातात दिलं आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली. कळशी भरायला तिला त्या दिवशी बराच वेळ लागला. मला काही कळलं नाही अशातला भाग नाही. पण आमच्याकडचे सगळेच बाप्ये मुंबईला जात होते, बायका राहत होत्या, त्यात मी वेगळं काय सांगणार?

वेगळं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो तर म्हणाली, अलोऱ्याला कॉलनीच्या स्टोअरमध्ये मदतनीस हवाय, असं विहिरीवर बायका बोलत होत्या. मी म्हटलं, हवा आहे, मी जाऊन आलोय. साहेब म्हणाला, खोक्यावरचं नाव वाचता आणि कार्डावर आकडा लिहिता आला तर दिवाळीनंतर ये. "मग?" ती म्हणाली. मग काय, मी म्हटलं, मला येत नाही. लग्न झाल्यापासून मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य असेल. ती हसली नाही. म्हणाली, "जेवून घ्या. परात धुऊन ठेवते."

परातीत तिने चुलीतली राख चाळून पसरली. तीच पाटी. बोटाने लिहायचं, परात हलवली की पुसलं. वाचायला पुस्तक नव्हतं, म्हणून खताची रिकामी पोती. मी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'युरिया' आहे, आणि तो अजून मला कुठेही भेटला तरी ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटतं. दुपारी ती चवळ्या सोलायची नाहीतर कुळीथ निवडायची आणि मी समोर बसून गिरवायचो. "अहो, तुमचा क उताणा पडलाय. त्याला उठवा." "अहो, हा म आहे की गोठा?" शिकवणारी अहो म्हणते आणि शिकणारा अगो म्हणतो, अशी शाळा मी दुसरी पाहिली नाही. पाढे मात्र वाईट. पाढा चुकला की एक नारळ खवायचा हा तिचा कायदा, आणि माझा सातचा पाढा असा कच्चा होता, की त्या आश्विनात आमच्याकडे लाल भोपळ्याच्या भाजीत खोबरं, चवळीत खोबरं, पोह्यांत खोबरं. बाबा एकदा म्हणाले, "पोरा, आठचा कधी घेणार?" मला वाटलं प्रगती विचारतायत. ते म्हणाले, "नाय, नारळ किती उतरवून ठेवू तो अंदाज."

आईने ह्या शाळेला हरकत घेतली नाही, पण अट घातली. सकाळी अंगणात उभं राहून, जशी गड्याला कामाची अट सांगतात तशी. "शिका काय शिकायचं ते. पण ह्या राखेपायी घरातल्या एका कामाचं वाकडं झालं, तर परात घासून फळीवर आणि हा मुंबईच्या गाडीत." एवढं बोलून ती शेताकडे गेली. त्या दिवसांत ती दिवसभर शेतावरच असायची. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पिवळं झालं होतं, पोपटांचे थवे उतरत, आणि आई बांधावर बसून रिकामा पत्र्याचा डबा वाजवायची. सकाळी गवतावर दव, दुपारी पाठ भाजणारं ऊन, आणि घरात घिरटीची घरघर. भात भरडायचं लाकडी जातं असतं ते. तो आवाज आता गावात कुठे नाही. गिरणीवर जातात, दहा मिनिटांत पोतं. चांगलंच आहे. मला त्या घिरटीची आठवण येते ते बायकोला ती ओढताना बघितलं म्हणून. स्वतः ओढायला सांगितली असती तर आली नसती.

आता नवं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नातीला माहीत नाही. कोजागिरीच्या दिवशी आमच्याकडे नवं असतं. पहाटे शेतातून भाताच्या लोंब्या आणायच्या, त्यात नाचणीचं कणीस, वरीचा तुरा, कुरडूचं फूल, झेंडू, सगळं आंब्याच्या पानात धरून केळीच्या दोरीने जुडी बांधायची. अशा पुष्कळ जुड्या. दाराला एक, नांगराला एक, गोठ्याला, विहिरीला, घिरटीला. वर्षभर ज्याने ज्याने खायला घातलं त्याला त्याला. मग नव्या तांदळाची खीर, हळदीच्या पानातले पातोळे, देवाला दाखवायचे आणि मगच घरात नव्याचा भात शिजायचा. त्याआधी नव्या तांदळाचा एक दाणा तोंडात घालायचा नाही. देवाला, पितरांना, नांगराला विचारल्याशिवाय आपण आधी जेवलो, असं ते होतं. आमच्या घरात आणखी एक होतं. प्रत्येकाने एक जुडी आपल्या मनाने बांधायची, ज्याचे त्या वर्षी उपकार झाले त्याला, आणि बाकीच्यांनी त्यावर बोलून घ्यायचं. दादाने मुंबईला जायच्या वर्षी एसटीच्या थांब्याच्या खांबाला बांधली होती. बाबा दर वर्षी एकाच बैलाला बांधायचे, दुसऱ्याला नाही, आणि कारण सांगायचे नाहीत.

कोजागिरीला वीस दिवस होते तेव्हा आईने पिंपातले जुने तांदूळ मोजले. तीस शेर निघाले. ती मला म्हणाली, "हे नव्यापर्यंत पुरतील काय, सांग बघू तुझ्या विद्येने. नायतर उसने आणून ठेवते." तिने हसत विचारलं होतं, पण विचारलं होतं. मी चुलीजवळ बसलो, मास्तरणीने चिंचोके ओतले. माणशी दिवसाला अर्धा शेर, तीन माणसांचा दीड. "दिडाचा भागाकार नका करू," ती म्हणाली, "दोन दिवसांचे तीन शेर धरा. तीन-तीनचे ढीग घाला." मी तीस चिंचोक्यांचे ढीग घातले. दहा ढीग. दहा दोनदा, वीस दिवस. कोजागिरीपर्यंत बरोबर, ना एक दाणा कमी ना एक जास्त. तिने ढीग पुन्हा मोजले आणि म्हणाली, "बरोबर." मी आईला जाऊन असं सांगितलं, की जसं काही तांदूळ मीच पिकवले. आईने उसने आणायचं रद्द केलं आणि तांदळाचं पिंप सुनेच्या ताब्यात दिलं. "मुलगा म्हणतोय पुरतील. बघ बाय." त्या रात्री मला खोबरं न खवता जेवायला मिळालं.

दसऱ्याला जेवण झालं आणि पिंपाचा तळ दिसला. हे मला माहीत नव्हतं. तिने मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेल्यावर तिने पिंप पालथं घातलं, पुन्हा चिंचोके मांडले, पुन्हा दहाच ढीग आले. शेजारी तांदूळ मागायला जावं तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर. आईला सांगावं तर विद्येने वाकडं केलं, परात फळीवर, नवरा गाडीत. तिच्या माहेरी नवं दसऱ्यालाच होतं. दसरा तर झाला. मग तिने तिथल्या तिथे ठरवलं, की देवाला लांज्याचं पंचांग चालत असेल. पडवीत आठवड्यापूर्वी झोडपलेलं हळवं भात होतं, ते पायलीभर भरडलं, कांडलं, पाखडलं आणि शिजत घातलं.

आईला तेव्हा सर्दी झाली होती. ती नाक धरून नाचणीची भाकरी नि कुळथाची पिठी खायची, भाताला शिवत नव्हती. बाबांनी मात्र पहिल्या दिवशी भात तीनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी चारदा. "बसला हात लांज्याचीचा," असं त्यांनी जाहीर केलं. मीही जेवलो. भात मऊ होता, गोडसर होता, वास घरभर होता, आणि मी शेतकऱ्याचा मुलगा असून मला वाटलं, की बायकोच्या हाताची चव. वीस वर्षांचा माणूस बैलापेक्षा काही फार शहाणा नसतो. तिसऱ्या दिवशी आईची सर्दी उतरली. तिने भात घेतला, पहिला घास कालवला, तोंडाशी नेला आणि हात तसाच खाली आणला.

"ह्यो तांदूळ कुठला?"

"नव्यातला, आत्याबाय," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला कधी जमलं नाही, लपवायचं थोडं जमायचं. "आमच्याकडे दसऱ्यापासून खातात. मला वाटलं चालतं."

"जुना असताना नवा का काढलास?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की तोंड उघडलंत तर याद राखा. तेव्हा मला कळलं. पिंप संपलं होतं, हिशोब माझा होता, आणि ही ते सगळं माहेरच्या रीतीवर ढकलून शाळा वाचवत होती. मी सगळ्या गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. सरपंचाला तोंडावर बोललेला माणूस. त्या दिवशी मी खाली मान घालून नव्याआधीचा भात गिळला आणि काही बोललो नाही.

आई ओरडली नाही. ताट बाजूला सारलं, उठली आणि हात धुताना म्हणाली, "नव्याला तू चुलीला हात लावायचा नाय. बाहेर बसायचं." एवढंच. बाहेरच्याला ते काही वाटणार नाही. पण सुनेचं सासरी पहिलं नवं म्हणजे खीर तिने ढवळायची, पहिली जुडी तिने बांधायची, आणि शेजारच्या बायका ते बघायला येतात. त्या दुपारी नि दुसऱ्या दिवशीही शाळा भरली, परात होती, राख होती. तिने शिकवलं. क उताणा पडला तरी ती काही बोलली नाही. मी मुद्दाम सातचा पाढा चुकवला. म्हणाली, "असू दे."

नव्याच्या दिवशी पहाटे बाबांनी लोंब्या आणल्या. आईने खीर चढवली. ही पडवीच्या कडेला बसून झेंडूची फुलं निवडत होती, नवं लुगडं नेसलेली, आणि शेजारची एक बाई येऊन विचारून गेली, "सूनबाय बाहेर का?" ही म्हणाली, "धूर लागतो." जुड्या बांधून झाल्या. बाबांनी आपल्या बैलाला बांधून घेतली. आईने घिरटीला बांधली. मग माझा नंबर. मी जुडी हातात घेऊन उभा. आई म्हणाली, "कशाला बांधतोस? त्या परातीला?" ती थट्टाच करत होती, दोन दिवसांनी पहिल्यांदा. मला ती थट्टा सहन झाली नाही.

मी म्हटलं, "आई, हिला कशाला बाहेर बसवलंस? तांदूळ संपले ते माझ्या हिशोबाने. मी वीस दिवस सांगितले, पंधरा दिवसांत संपले. हिने सांगितलं नाही, कारण तू शाळा बंद केली असतीस. आता कर. जातो मी मुंबईला."

पडवीत फुलं निवडायची थांबली. आईने पळी खिरीत तशीच सोडली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"कसा केलास हिशोब? सांग."

मी सांगितलं. तीस शेर. माणशी अर्धा.

"माणसं किती?"

"तीन," मी म्हटलं.

"कोण कोण?"

"तू. बाबा. मी."

आईने पडवीत बसलेल्या लुगड्याकडे बोट केलं. "आणि ती पाच महिने काय हवा खाते?"

आधी बाबा हसले. बाबांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलायचे, आवाज नाही. दादा मुंबईला गेल्यापासून आमच्या घरात कायम तीन माणसं होती, तीनच माझ्या डोक्यात बसली होती, आणि चौथी समोर बसून चिंचोके ओतत होती ती मला दिसली नाही. आई शाळेत एक दिवस गेलेली नव्हती. ती म्हणाली, "चार माणसं, दोन शेर, तीस शेर म्हणजे पंधरा दिवस. दसरा. ह्याला राख लागत नाय." मग म्हणाली, "बायकोला सोडून जायला नको म्हणून शिकतोस, आणि बायकोच मोजत नायस." शाळा कशासाठी चालली होती ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते पत्र वाचलं त्याच दिवशी कळलं असणार.

"आणि तू गो मास्तरणी," आई पडवीकडे वळली, "तू तपासलास ना हिशोब?"

"तपासला," ती तिथूनच म्हणाली. उत्तर तयार होतं. "भागाकार बरोबर होता, आत्याबाय. माणसं तुमच्या घरची. ती मी कशी तपासणार?"

आईने चुलीकडे बघितलं. "आमच्या घरची," ती म्हणाली. "बरं. मग आमच्या घरची खीर लागायला आलीय ती कोण ढवळणार? ऊठ. आणि नारळ कमी पडलाय, ह्याला सातचा पाढा विचार."

जुडी मी कशाला बांधली, ते विचाराल तर मला नीट आठवत नाही. ती म्हणायची पिंपाला. मी म्हणायचो विहिरीच्या रहाटाला. पन्नास वर्षं ह्यावर आमचं जमलं नाही, आणि आता ती नाही, तर तिचंच खरं धरतो. बाबांनी मात्र देवासमोर गाऱ्हाणं घातलं ते शब्दाशब्दाने आठवतं, कारण एरवी न बोलणारा माणूस तेव्हा लांबलचक बोलायचा. "बा देवा महाराजा, लेकराच्या मोजणीत चूक झाली, घरचं माणूस मोजायचं राहिलं, तीन दिवस आम्ही तुझ्याआधी जेवलो. भात बरा होता. राग धरू नको, पदरात घे." आम्ही म्हटलं, व्हय महाराजा. आई सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईने मला अंगणात बसवलं आणि दादाला पत्र लिहायला सांगितलं. मास्तरणीला दूर बसवलं, मदत करायची नाही. आई सांगत गेली, मी लिहीत गेलो, सकाळची न्याहारी झाल्यापासून ऊन माडाच्या मागे जाईपर्यंत. चिरंजीवास आशीर्वाद. धाकटा येत नाही. खोलीतली जागा दुसऱ्या कोणाला दे. तो अलोऱ्याला बघतोय, नाही जमलं तर शेत आहे. तब्येत सांभाळ. एवढंच पत्र, त्याला एक पूर्ण दिवस आणि तीन कागद. मग मास्तरणीने ते हातात घेतलं, वाचलं, आणि तशीच घडी करून पाकिटात घातलं. मी विचारलं, चुका? ती म्हणाली, "मोजल्या नाय." दादाचं उत्तर आलं. ते मी स्वतः वाचलं, आईला, बाबांना, तिला. त्याने लिहिलं होतं, पत्र मिळालं, अर्धं वाचता आलं नाही, खोलीतल्या सगळ्यांनी मिळून प्रयत्न केला, पण येत नाहीस एवढं नक्की कळलं.

दिवाळीनंतर अलोऱ्याच्या साहेबाने मला तीन खोकी दाखवली. दोन वाचली. तिसऱ्यावर इंग्रजी होतं, त्याला मी सांगितलं, हे माझ्या बायकोलाही येत नाही. त्याने घेतलं मला. निवृत्त होईपर्यंत मी रोज संध्याकाळी घरी जेवलो.

गेल्या माघात तिला रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं होतं. ऑपरेशनच्या आधी नर्सने सहीसाठी कागद दिला, बारीक अक्षरांचा, दोन्ही बाजूंनी छापलेला. मुलगा म्हणाला, बाबा, नुसती सही करा, सगळे करतात. मी म्हटलं, मी वाचल्याशिवाय सही करत नाही, मला तसं शिकवलेलं नाही. खाटेजवळ खुर्ची ओढून मोठ्याने वाचायला लागलो. एका शब्दावर अडलो. ती डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपलीय. म्हणाली, "अक्षर लावून वाचा. घाई काय आहे तुम्हाला?" मी अक्षर लावून वाचलं. पुढचं वाचलं. मागची बाजू वाचली. नर्स दोनदा येऊन बघून गेली. कागद संपला, तेव्हा मी तो उलटा करून पुन्हा वरून वाचायला घेतला. तिने अडवलं नाही.